कॉफीचं पाकीट आधी उलटं करून वाचा

सिंगल ओरिजिन, म्हणजे एकाच मळ्याची किंवा एकाच भागातली, कॉफी विकत घ्यायची असेल तर पाकिटाच्या पुढच्या बाजूवर फार वेळ घालवू नका. तिथे हत्ती असतात, धुक्यातले डोंगर असतात. कामाचा मजकूर मागे बारीक अक्षरात असतो: मळ्याचं नाव, भाग, झाडाची जात, प्रक्रिया, मळ्याची उंची आणि कॉफी भाजल्याची तारीख. यातलं बहुतेक काही सापडलं नाही आणि नुसतं 'प्रीमियम' छापलेलं दिसलं, तर पाकीट परत ठेवा.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. सौद्यात मूठभर माल तळहातावर घेऊन बघितल्याशिवाय आणि लॉट कुणाचा, कुठल्या गावचा हे विचारल्याशिवाय मी दर बोलत नाही. एकाच बागेतली द्राक्षं शेडमध्ये सावलीला नीट वाळली तर हिरवागार बेदाणा निघतो, वाळताना पावसाळी हवेत सापडली तर तोच काळा पडतो आणि दर खाली येतो. कॉफीतही अगदी हेच आहे. झाड कुठलं, जमीन कुठली आणि फळ तोडल्यावर त्याचं काय केलं, यावर चव ठरते. हे तिन्ही ज्याच्याबद्दल सांगता येतं तोच माल सिंगल ओरिजिन म्हणून घ्यावा.

आपल्याकडे मळ्याचं नाव सांगणारी कॉफी मिळायला लागली ती अलीकडे. 1942 च्या कॉफी कायद्यानंतर मळेवाल्यांचा माल कॉफी बोर्डाकडे जमा व्हायचा, एकत्र व्हायचा आणि प्रतीप्रमाणे लिलावात विकला जायचा. कुणी कितीही निगुतीने पिकवलं तरी त्याचं नाव पुढे जात नसे. नव्वदच्या दशकात ही बंधनं टप्प्याटप्प्याने उठली, 1996 पासून मळेवाल्यांना सगळा माल स्वतः विकता यायला लागला. आज पाकिटावर मळ्याचं नाव वाचताना मला मनापासून आनंद होतो. कष्ट करणाऱ्याचं नाव ग्राहकापर्यंत पोचायलाच हवं.

पहिली खरेदी कुठली? माझं उत्तर ठरलेलं आहे: कर्नाटकातल्या चिकमगळूर किंवा बाबाबुडनगिरी भागातली अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांतली नाजूक चवीची; दुसरी रोबस्टा, जास्त कडक), वॉश्ड म्हणजे धुऊन वाळवलेली, मीडियम रोस्ट म्हणजे मध्यम भाजलेली. सतराव्या शतकात बाबा बुडन येमेनहून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या याच डोंगरात लावल्या, असं सांगतात. पाकिटावर 'एस 795' दिसलं तर बिनधास्त घ्या. ही भारतात खूप लावली गेलेली जात आहे, चव समतोल, आंबटपणा बेताचा. आणि 'रत्नागिरी इस्टेट' वाचून आपल्या कोकणातली कॉफी समजू नका, तो मळाही चिकमगळूरकडचाच आहे. 2019 साली पाच भारतीय कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं: कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू व्हॅली इथल्या अरेबिका, आणि वायनाडची रोबस्टा. हळूहळू या पाचही चाखून बघा.

उंचीचा आकडा शोभेचा नसतो. अरेबिका साधारण 1000 ते 1500 मीटरवर चांगली येते, म्हणजे वरच्या अंगाचे मळे महाबळेश्वरच्या उंचीला जातात. थंड हवेत फळ सावकाश पिकतं, बी घट्ट होते, गोडवा वाढतो.

प्रक्रियेकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तिने चव सगळ्यात जास्त बदलते. वॉश्डमध्ये फळाचा गर काढून, बी आंबवून, धुऊन वाळवतात, त्यामुळे चव स्वच्छ लागते. नॅचरलमध्ये अख्खं फळ उन्हात वाळवतात, मग पिकल्या फळाचा, कधी वाईनसारखा वास येतो. काहींना तो पहिल्याच घोटात आवडतो, काहींना कधीच नाही. हनी या दोन्हींच्या मधली, थोडा गर बीला ठेवून वाळवलेली. मध मुळीच नसतो त्यात. मॉन्सून्ड मलबार ही खास आपल्या पश्चिम किनाऱ्याची. पावसाळ्यात मंगळूरकडच्या गोदामांत बिया दमट समुद्री वाऱ्यावर पसरून ठेवतात, त्या फुगतात, फिक्या होतात, आंबटपणा जवळजवळ जातो. दुधात ही उत्तम लागते.

भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. 'बेस्ट बिफोर' वरून काही कळत नाही. भाजल्यावर आठवडाभर बियांतून वायू निघत असतो, म्हणून तेवढी थांबून फोडलेली कॉफी जास्त चांगली लागते. पुढे पाच-सहा आठवडे तिची मजा असते. त्यामुळे 250 ग्रॅमच्या वर एका वेळी मागवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा दमट, तेव्हा तर नाहीच. डबा हवाबंद, ओट्यापासून लांब. फ्रीजच्या दारात कॉफी ठेवली की तिला कढीपत्त्या-लसणीचा वास लागलाच.

दराचं गणित करून बघा. चांगल्या भारतीय कॉफीचं 250 ग्रॅमचं पाकीट सहाशेला पडलं, एका कपाला 15 ग्रॅम धरली, तर सोळा कप होतात, कपाला साडेसदतीस रुपये. बाहेर कॅफेत यात काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. परदेशी कॉफीवर आयात शुल्काचा बोजा असतो, म्हणून इथिओपिया किंवा केनियाची कॉफी बरीच महाग पडते. आधी देशी चवी ओळखीच्या होऊ द्या, मग ती मागवा. आणि किराणा दुकानातल्या फिल्टर कॉफीच्या पुडक्यावर चिकरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीचं, प्रमाण वाचा. मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी असा नियम आहे, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकरी असू शकते. चिकरीची कॉफी खुशाल प्या, पण तिच्यात मळ्याची चव शोधू नका.

पाकीट फोडलं की मूठभर बिया पांढऱ्या ताटलीत पसरा. मीडियम रोस्टच्या बिया एकसारख्या तपकिरी आणि कोरड्या दिसायला हव्यात. तेलाने चकचकीत असतील तर एक तर जास्त भाजल्यात, नाहीतर जुन्या आहेत. मधे एखादी फिकट, शेंगदाण्याच्या रंगाची बी दिसेल. ती कच्च्या फळाची, भाजूनही रंग न आलेली. ती वेचून टाका, तिने कपात टरफलासारखी चव येते. पाकिटात अशा खूप निघाल्या तर विकणाऱ्याला फोटो पाठवा आणि विचारा. चांगला रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारा, उत्तर देतो.

बिया अख्ख्याच घ्या आणि लागतील तेवढ्याच दळा. मिक्सरमध्ये निम्मी पूड आणि निम्मे तुकडे होतात, त्याने कॉफी एकाच वेळी कडूही लागते आणि आंबटही. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (पात्यांऐवजी दातेरी चकत्यांमध्ये बिया एकसारख्या भरडणारा) हा या सगळ्यातला खरा खर्च आहे आणि तो करावा. तोवर रोस्टरकडूनच तुमच्या भांड्याप्रमाणे दळून मागवा. स्टीलच्या फिल्टरला बारीक, फ्रेंच प्रेसला (जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्याला) रव्यापेक्षा जाड.

पाणी बोअरचं नको, त्यातल्या क्षारांनी चव मरते. आरओच्या पाण्याचं टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 100 ते 150 असेल तर उत्तम. सांगलीत पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. कागदी फिल्टर त्याच्या शंकूत बसवून कपावर ठेवा आणि गरम पाण्याने भिजवून घ्या, त्यात 15 ग्रॅम कॉफी, आणि आधी फक्त 30 मिली पाणी ओता. ताजी कॉफी इथे फुगते, बुडबुडे येतात, मधोमध छोटा घुमट उभा राहतो आणि सगळ्यात सुंदर वास याच क्षणी येतो. पूड नुसतीच भिजून बसली तर कॉफी शिळी आहे. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी गोल फिरवत ओता, एकूण 240 मिली. तीन मिनिटांच्या आसपास सगळं खाली उतरायला हवं. आंबट लागली तर उद्या थोडी बारीक दळा, कडू-तुरट लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिला कप बिनदुधाचा, बिनसाखरेचा प्या, आणि गरमागरम संपवू नका. कोमट होताना तिच्यातला गोडवा वर येतो, फळाची चव कळते. नाहीच जमलं तर दुसऱ्या कपात दूध घाला, त्यात कमीपणा काही नाही. आमच्या सासूबाईंना जायफळ घातलेली दुधाचीच कॉफी लागते. त्यांच्यासाठी मी वॉश्ड रोबस्टा, कापी रॉयल या प्रतीची, आणते. अरेबिकाची नाजूक चव दुधात आणि जायफळात हरवते, ही टिकून राहते.

दोन-तीन पाकिटं संपली की एक प्रयोग जरूर करा. एकाच मळ्याची वॉश्ड आणि नॅचरल, छोटी छोटी पाकिटं, एकाच दिवशी भाजलेली मागवा. दोन सारखे कप, सारखं पाणी, सारखं वजन. शेजारी ठेवून आळीपाळीने घोट घ्या आणि कुठली आवडली ते पाकिटावर पेनाने लिहा. पुढच्या ऑर्डरला तेच पाकीट समोर ठेवा.