जिवेभावे सेवा करायची असेल तर या चुका टाळा

'प्रभूची सेवा' म्हटलं की आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, माईक, ढोलकी आणि प्रार्थनासभाच आठवतात. पहिली चूक इथेच होते. 'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे बायबलमधलं वचन (कलस्सै 3:23) पाळकांना किंवा मंडळीच्या वडीलजनांना लिहिलेलं नाही. आदल्याच ओळीत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल दासांशी बोलतोय. धनी बघतोय तोवर हात चालवायचा, पाठ फिरली की थांबायचं, याला आपल्या शास्त्रात 'तोंडदेखली चाकरी' असा नेमका शब्द आहे. रविवारी डोळे मिटून गाणारा माणूस सोमवारी उशिरा पोचून मस्टरवर वेळेची सही करत असेल, तर त्याची सेवा सोमवारी बिघडलेली असते.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. कामाला हात लावण्याआधी त्या कामाचं नाव घेऊन प्रार्थना करा: 'प्रभू, ही बिलं तुझ्यासाठी.' 'आजचा दिवस आशीर्वादित कर' एवढी मोघम प्रार्थना पुरत नाही. नाव घेतलं की खोटं बिल पुढे सरकवताना हात अडखळतो.

दुसरी चूक, अर्ध्या मनाची सेवा, जास्त घातक, कारण ती करणारा माणूस वरवर चांगलाच असतो. 2 इतिहास 25 नीट वाचा. यहूदाचा राजा अमस्या योग्य ते करत होता, पण पूर्ण मनाने नाही. त्याच्याकडे तीन लाख योद्धे होते, तरी त्याने 100 किक्कार चांदी मोजून शेजारच्या इस्राएल राज्याचे एक लाख सैनिक भाड्याने घेतले. किक्कार म्हणजे साधारण 34 किलो. हिशेब करा, जवळजवळ साडेतीन टन चांदी. देवाच्या माणसाने सांगितलं, त्यांना परत पाठव. अमस्याचा पहिला प्रश्न होता, मग त्या चांदीचं काय? शेवटी त्याने ऐकलं, सैन्य परत पाठवलं आणि लढाई जिंकली. येताना मात्र हरवलेल्या सेईरच्या लोकांच्या मूर्ती घरी आणल्या आणि त्यांच्यापुढे धूप जाळला. पुढे बेथ-शेमेशला इस्राएलच्या राजाकडून त्याचा पराभव झाला आणि यरुशलेमेचा 400 हात तट पाडला गेला.

'चांदीचं काय?' हा प्रश्न आपणही विचारतो. काळ्या पैशाच्या व्यवहारात बयाणा देऊन बसलोय, हुंड्याची बोलणी झालीत, आता मागे कसं फिरणार? अशा वेळी बुडणारी रक्कम कागदावर आकड्यात लिहा, नवऱ्याला किंवा बायकोला दाखवा, ती गेली असं धरा आणि त्याच आठवड्यात बाहेर पडा. 'पुढच्या वेळी नाही करणार' ही पळवाट आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नका.

आई-वडिलांचं औषध थांबवून मंडळीला देणगी देऊ नका. आई-बापांच्या वाट्याचं 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, म्हणणाऱ्यांना येशूने याच गोष्टीसाठी खडसावलं (मार्क 7).

भावाशी अबोला असेल तर प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आदल्या शनिवारी त्याच्या घरी जा. लांब राहत असेल तर फोन करा, व्हॉट्सॲपवर भागवू नका. मत्तय 5:23-24 मध्ये दान वेदीपाशी ठेवून आधी जाऊन समेट करायला सांगितलंय.

नव्याने आलेल्यांची घाई हा वेगळाच त्रास. बाप्तिस्म्यानंतर महिन्याभरात संदेश द्यायचा असतो. सेवकांची आधी पारख होऊ द्या, असं 1 तीमथ्य 3:10 सांगतं. आमच्या मते सहा महिने सतरंज्या घाला, खुर्च्या लावा, आजाऱ्यांना डबा पोचवा. जो डब्याची वेळ पाळत नाही, त्याच्या हाती व्यासपीठ देऊ नये.

बायबल वाचनातही तीच घाई. एक जानेवारीपासून रोज दहा अध्याय धरले की दहाव्या दिवशी लेवीय हे नियमांचं पुस्तक सुरू होतं आणि बहुतेकांचं वाचन तिथेच अडतं. बायबलचे एकूण अध्याय 1,189. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पूर्ण होतात.

आणि थकवा म्हणजे अविश्वास नव्हे. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खाऊ घातलं. आठवड्यातल्या चार संध्याकाळी मंडळीत जात असतील, तर पाचवी जबाबदारी घेऊ नका. त्या दिवशी घरी मुलांसोबत जेवा.