क्लबाचा इतिहास लिहायचाय? आधी मैदान कुणाचं ते बघा

गोव्यातल्या आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाची पन्नाशी आली आणि स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी भूमापन खात्यातून निवृत्त झालेला. "तुम्हाला जुने कागद वाचता येतात" एवढीच माझी लायकी. पहिला खर्डा सगळे करतात तसाच केला. अध्यक्षांचं मनोगत, आमदारांच्या शुभेच्छा, मग चषकांची यादी. बायकोनं वाचून विचारलं, "यात क्लब कुठे आहे?"

त्याच वर्षी भाच्याकडे इंग्लंडला जाणं झालं. तो लिव्हरपूलला नोकरीला. त्यानं मला स्टॅनली पार्कमध्ये नेलं आणि हात करून दाखवलं: मामा, या बाजूला लिव्हरपूल क्लबाचं अ‍ॅनफिल्ड मैदान, त्या बाजूला एव्हर्टन क्लबाचं गुडिसन पार्क. मध्ये फक्त ही बाग. (एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५ पर्यंत गुडिसनवरच खेळायचा.) रमतगमत चाललो तरी वीसेक मिनिटांत एका मैदानावरून दुसऱ्यावर. दोन एवढे मोठे क्लब इतके खेटून का, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "भाड्यावरून भांडण." त्या उत्तरानं माझं काम सोपं झालं. तुमच्या गावच्या क्लबाचं लिहायचं असेल तर हीच वाट धरा.

आधी ऋतू विचारा. एव्हर्टन क्लब सुरू झाला १८७८ साली, सेंट डोमिंगो नावाच्या मेथडिस्ट (दारूला नाक मुरडणारा ख्रिस्ती पंथ) चॅपेलमधून. चॅपेलची पोरं उन्हाळ्यात क्रिकेट खेळायची, थंडीत काय करायचं म्हणून फुटबॉल आला. आपल्याकडे थंडीत खेळायचं म्हणजे मोकळं शेत हवं. म्हणून म्हाताऱ्यांना "क्लब कधी स्थापन झाला?" असं विचारू नका, प्रत्येक जण वेगळं साल सांगतो. "त्या शेतात वायंगण (हिवाळ्यातलं भाताचं पीक) घ्यायचे का?" असं विचारा. सरदाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, पीक कापल्यावर वायंगणाची लावणी होत असेल तर नोव्हेंबर ते मार्च तिथं चेंडू जाणंच शक्य नाही. आमच्या गावात वायंगण कधी बंद पडलं ते शेतकऱ्यांना नेमकं आठवत होतं, कारण त्या वर्षी बांध फुटून खारं पाणी आत आलं होतं. क्लबाच्या पाटीवरचं साल त्याच्या दोन वर्षं आधीचं निघालं. पाटी चुकली होती.

मग विचारा, गोलचे खांब रात्री कुठे ठेवायचे? हा प्रश्न मी एव्हर्टनकडूनच उचलला. ते सुरुवातीला स्टॅनली पार्कमध्ये खेळायचे. खांब बागेच्या रखवालदाराच्या घराशी ठेवलेले, दर सामन्याला खेळाडूंनीच खांद्यावरून आणायचे आणि रोवायचे. आमचे खांब माडीचे, म्हणजे पोफळीचे, होते आणि ते तावेर्नाच्या (गावातल्या दारूच्या दुकानाच्या) मागच्या दारी पडून असत. तावेर्न बंद होऊन जमाना झाला, पण चालवणाऱ्याची मुलगी, आता सत्तरीपुढची, त्याच घरात राहते. तिनं लाकडी पेटीतून उधारीची वही काढून दिली. पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. एका पानावर शाईत लिहिलेलं: "फुटबॉलवाले, सोडा १४." खाली तारीख. क्लबाचं नाव नाही, पण अकरा खेळाडू आणि वर तीन माणसं झाली की नाही? आमच्या क्लबाचा सगळ्यात जुना लेखी पुरावा तोच. असली वही मिळाली तर घरी नेऊ नका. तिथंच, दिवसाच्या उजेडात, मोबाईलवर फोटो घ्या, प्रत्येक पानाचा, कोऱ्यांचासुद्धा.

नाव कसं बदललं ते एका परिच्छेदात आटपा. चॅपेलबाहेरची पोरं यायला लागली म्हणून सेंट डोमिंगोचं १८७९ च्या नोव्हेंबरात 'एव्हर्टन' झालं. आमचंही देवळाच्या नावावरून गावाच्या नावावर आलं. यात फार रमू नका. जर्सीचा रंग मात्र जरूर विचारा, कारण त्यात पैसा दिसतो. एव्हर्टनमध्ये इतर क्लबांतून आलेली पोरं आपापल्या जुन्या जर्सी घालून उतरायची. शेवटी सगळ्या काळ्या रंगात बुडवून वर लाल पट्टा लावला. आमच्या जर्सी पिवळ्या, कारण म्हापशाच्या कापडवाल्याकडे त्याच रंगाचा ठाण उरला होता.

आता खरं काम: मैदान. इथं वेळ घाला. सार्वजनिक बागेत तिकीट लावता येत नाही, म्हणून एव्हर्टन प्रायरी रोडवर एका भल्या माणसाच्या जमिनीत गेलं. गलबला ऐकून तो कंटाळला. मग १८८४ मध्ये अ‍ॅनफिल्ड. होय, अ‍ॅनफिल्ड आधी एव्हर्टनचं! जमीन ओरेल नावाच्या बिअर बनवणाऱ्याची, आणि क्लबाचा कर्ताधर्ता जॉन हौल्डिंग, तोही बिअर बनवणारा. थोड्याच दिवसांत हौल्डिंग स्वतःच जमिनीचा मालक झाला. खेळाडूंनी कपडे बदलायचे ते त्याच्याच सँडन हॉटेलात. १८८८ साली बारा क्लबांची लीग सुरू झाली त्यात एव्हर्टन होतं, १८९१ मध्ये विजेतं ठरलं; आणि दरम्यान भाडं शंभर पौंडांवरून अडीचशेवर गेलं. आपल्याकडे भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) प्रकरणं पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. चॅपेलचा ऑर्गनवादक जॉर्ज महॉन याच्या मागं बहुतेक सभासद उभे राहिले आणि १८९२ मध्ये बागेच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेले. हौल्डिंगपाशी मैदान उरलं, संघ नाही. त्यानं एव्हर्टन हेच नाव ठेवायचा खटाटोप केला, फुटबॉल असोसिएशननं तो मानला नाही, आणि मग त्यानं काढला तो लिव्हरपूल क्लब.

म्हणून जमिनीचा कागद काढाच. मैदानाचा सर्व्हे नंबर पंचायतीच्या नकाशावरून घ्या आणि फॉर्म एक व चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, मागवा. कब्जेदाराच्या रकान्यात कोण, कुळाच्या रकान्यात कोण, हे दोन्ही वाचा. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावकीची सामाईक, असेल तर बार्देश तालुक्यातल्यांनी म्हापशाच्या प्रशासकाच्या कचेरीत चौकशी करावी. मला एका कचेरीत तीन खेपा मारायला लावल्या, चौथ्या खेपेला कारकून म्हणाला, फाईल पहिल्या दिवसापासून टेबलावरच होती. डबा घेऊन जा. वर्तमानपत्रांसाठी पणजीला पाट्टो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय. मी तिथं 'गोमन्तक'चे जुने अंक चाळले. तारीख हाताशी असेल तरच जा, नाहीतर दिवस जाहिराती वाचण्यात जातो.

फूट पडली असेल तर? आमच्याकडे पडली. मैदानाच्या कुंपणावरून दोन क्लब झाले, आणि दोघेही पहिलं साल आपलंच म्हणतात. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दिवशी भेटा, आणि एकाचं दुसऱ्याला सांगू नका. कारणही एकच धरून बसू नका. लिव्हरपूलच्या भांडणात भाडं होतं, राजकारण होतं, बिअर बनवणाऱ्यांपुढे चॅपेलवाल्यांचं नाकही मुरडलेलं होतं. अभ्यासक अजून वाद घालतात. सालाचं मात्र तिथं स्वच्छ आहे: मैदान सोडून गेलेलं एव्हर्टन १८७८ सांगतं, मैदानावर राहिलेलं लिव्हरपूल १८९२. साल माणसांबरोबर गेलं. आयुष्यभर जमीन मोजलेल्या मला हे पटायला जड गेलं, पण मी तसंच लिहिलं.

छापण्याआधी खर्डा दोन्ही क्लबांच्या सेक्रेटरींना वाचून दाखवा, द्यायचा नाही. आमच्यात एकजण कुंपणाच्या परिच्छेदाला उठून गेला. दुसऱ्या दिवशी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, हाती चिठ्ठी आली: तारेचं कुंपण नव्हतं, चिऱ्यांचा गडगा होता. तेवढी दुरुस्ती केली. मुखपृष्ठावर चषक नाही. उधारीच्या वहीचं पान आहे.