लेझरने कान ‘ऐकतो’ असं म्हणण्याआधी या चुका टाळा

ऐकू न येणाऱ्यांची श्रवणचेता, म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणारी नस, विजेऐवजी प्रकाशाने जागी करता येईल का, याचे प्रयोग प्राण्यांवर होतात. लेझरची पल्स (क्षणिक झोत) अंतर्कर्णात सोडली आणि स्क्रीनवर मेंदूकडून आलेल्या प्रतिसादाची लाट उमटली, की प्रयोग करणाऱ्याचा जीव सुपाएवढा होतो. प्रकाशाने श्रवणचेता जागी केली, असं वहीत लिहूनही टाकलं जातं. तिथेच हात आवरा. या विषयात भलेभले नेमके इथेच अडकले आहेत.

कॉक्लिया, म्हणजे अंतर्कर्णातला शंखासारखा भाग, पाण्यासारख्या द्रवाने भरलेला असतो. इन्फ्रारेड प्रकाश पाण्यात शोषला जातो, द्रव क्षणात तापून किंचित फुगतो आणि दाबाची लाट निघते. म्हणजे चक्क ‘टक्’ असा आवाज! तुटक-तुटक प्रकाश पडला की पदार्थातून आवाज निघतो, हे ग्रॅहम बेलने 1880 मध्येच पाहिलं होतं. तेव्हा प्राण्याच्या केशपेशी, म्हणजे कॉक्लियात आवाज टिपणाऱ्या पेशी, शाबूत असतील, तर त्याने प्रकाश नव्हे, तो टक् ऐकलेला असू शकतो.

अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने 2005 मध्ये उंदराच्या पायाची नस इन्फ्रारेड लेझरने उत्तेजित केल्याचं दाखवलं. पाठोपाठ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या कॉक्लियावर तेच झालं आणि आशा पल्लवित झाल्या. मात्र 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना बहिऱ्या गिनीपिगमध्ये लेझरने काहीच प्रतिसाद मिळाला नाही. 2016 मध्ये जर्मनीतल्या गटानेही बोट ठेवलं ते आवाजावरच. नॉर्थवेस्टर्नच्या गटाला मात्र बहिऱ्या केलेल्या प्राण्यांतही प्रतिसाद दिसला होता. वाद असा खरा आहे, म्हणून तपासण्या कडक हव्यात.

पहिली तपासणी सोपी आहे. लेझरचा प्रकाश आत नेणाऱ्या फायबरचं (बारीक तंतूचं) टोक कानातून बाहेर काढा, मायक्रोफोनसमोर धरा आणि तीच पल्स द्या. काही ऐकू येतंय का ते बघा. दुसरी, कानात मोठा गोंगाट चालू ठेवून लेझर द्या. प्रतिसाद विरला, तर आवाजाचा संशय बळावतो. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: केशपेशी नष्ट करून बहिरा केलेला प्राणी घ्या, त्याला टक् ऐकूच येणार नाही. इथे एक चूक हमखास होते. लेझरला प्रतिसाद नाही म्हणून निष्कर्ष काढला जातो, पण चेता जिवंत आहे की नाही हे कुणी पाहिलेलंच नसतं. त्याच कानात विजेचा इलेक्ट्रोड घालून बघा. विजेला उत्तर येतं आणि लेझरला येत नाही, तरच त्या शांततेला अर्थ आहे.

ऑप्टोजेनेटिक्सला, म्हणजे जनुक देऊन पेशींना प्रकाशाची जाण देण्याच्या तंत्राला, याच पंक्तीत बसवणं ही दुसरी मोठी चूक. तिथे उष्णतेचा खेळ नाही. विषाणूच्या मदतीने चेतापेशींत प्रकाशाला दाद देणाऱ्या प्रथिनाचं जनुक पोहोचवतात, मग प्रकाश पडला की पेशीचं दार उघडतं. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये टोबियास मोझर यांच्या गटाने 2014 मध्ये उंदरांत आणि 2018 मध्ये प्रौढ जर्बिलमध्ये हे करून दाखवलं. इथे प्रतिसाद नाहीच आला, तर लेझरला दोष देण्याआधी विषाणू त्या भागातल्या पेशींपर्यंत पोहोचला होता का ते तपासा. प्रतिसाद सुरुवातीला येतो आणि पल्सचा वेग वाढवल्यावर बसतो? मग प्रथिनाचा वेग पाहा. चॅनेलरोडॉप्सिन-2 या अशाच एका प्रथिनाचं दार बंद व्हायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात आणि श्रवणचेतेला ते फार झाले. म्हणून तर एफ-क्रिमसनसारखी चपळ प्रथिनं आली. शिवाय जनुक न दिलेल्या प्राण्यावर तोच प्रकाश टाकून तिथे शांतता आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उष्णतेचंही भान ठेवा. एक पल्स निरुपद्रवी असते, पण सेकंदाला शेकडो दिल्या की ताप साठत जातो.

एवढा खटाटोप कशासाठी? आजच्या कॉक्लियर इम्प्लांटमध्ये (ऑपरेशन करून कॉक्लियात बसवतात त्या, विजेने श्रवणचेता जागी करणाऱ्या यंत्रात) 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात आणि कॉक्लियातल्या खारट द्रवात वीज पसरते. शेजारचे स्वर एकमेकांत मिसळतात, संगीत आणि गर्दीतलं बोलणं अवघड होतं. प्रकाश मात्र नेमक्या जागी टाकता येतो. माझा या कामावर विश्वास आहे.

म्हणूनच पालकांना कळकळीने सांगते, ‘लेझरचं येईल, थांबू या’ असं म्हणत मुलाचं ऑपरेशन लांबवू नका. रुग्णालयात आज मिळणारं इम्प्लांट विजेवरच चालतं आणि भाषा शिकण्याची पहिली वर्षं परत येत नाहीत. मुंबईची अली यावर जंग ही श्रवणदोषांवर काम करणारी संस्था केंद्राच्या एडीआयपी या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटचं काम पाहते, तिथे चौकशी करा. कानातल्या गुणगुणीवर दिली जाणारी लेझर थेरपी ही याहून वेगळी गोष्ट आहे. आणि लेझर पॉइंटर कानात मारून बघायचा विचारही मनात आणू नका.