नद्यांच्या विसर्गाची तुलना कशी करावी: पैठणपासून नाईलपर्यंत

‘जायकवाडीतून १ लाख क्युसेक विसर्ग’ हा आकडा मोठा आहे. पण तो कशाच्या तुलनेत मोठा, हे ठरवायचे तर एकक, जागा आणि काळ, तिन्ही जुळवून घ्यावे लागतात.

एकक जुळवा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच ३५.३ क्युसेक. टीएमसी (अब्ज घनफूट) आणि दलघमी (दशलक्ष घनमीटर) ही मापे मात्र साठ्याची. १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. ११,५७४ क्युसेक पाणी २४ तास वाहिले की १ टीएमसी होते. म्हणून ‘१ लाख क्युसेक पाणी जमा झाले’ हे वाक्यच चूक आहे. हा प्रवाह दिवसभर टिकला तर ८.६४ टीएमसी भरतात. जायकवाडीचा २,१७१ दलघमीचा जिवंत (वापरता येणारा) साठा रिकामा असेल, तर तो भरायला अशा आवकेला जवळपास नऊ दिवस लागतील.

जागा पाहा. पैठणच्या जायकवाडी धरणाचे दरवाजे बंद असतानाही नांदेडला विष्णुपुरी प्रकल्पातून मोठा विसर्ग होऊ शकतो, कारण सिंदफणा आणि पूर्णा पैठणच्या खाली गोदावरीला मिळतात. उलट नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याच्या विसर्गात गंगापूर आणि दारणा धरणांचा विसर्ग पुन्हा मिळवू नका. ती धरणे वरच्या बाजूला आहेत, त्यांचे पाणी त्यातच आलेले असते. पुस्तकातला गोदावरीचा आकडा पूर्ण खोऱ्याचा असतो. त्यातले बरेच पाणी प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी आणतात, आणि या तिघी मराठवाडा संपल्यावर मिळतात.

काळ जुळवा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. १ लाख क्युसेक म्हणजे २,८३२ क्युमेक. नाईलचा आस्वानजवळचा प्रवाह वर्षाला सुमारे ८४ अब्ज घनमीटर धरला जातो. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख. भागून पाहिले की सरासरी येते २,६६० क्युमेक. म्हणून पैठणची गोदावरी नाईलएवढी ठरते का? नाही. एक आकडा पुराचा, दुसरा वर्षभराच्या सरासरीचा. पूर्ण खोऱ्याची वार्षिक सरासरी घेतली तर गोदावरीचे सुमारे ११० अब्ज घनमीटर, म्हणजे ३,५०० क्युमेक. ही तुलना चालते. १,४६५ किलोमीटरची गोदावरी ६,६०० किलोमीटरहून लांब नाईलपेक्षा जास्त पाणी वाहते. लांबीवरून पाण्याचा अंदाज बांधू नये. ॲमेझॉन २ लाख क्युमेकच्या पुढे आहे.

आपल्या गावची नदी मोजा. २० मीटरचा सरळ, झुडपे नसलेला पट्टा निवडा. पात्राच्या रुंदीचे दोन-दोन मीटरचे भाग पाडून प्रत्येक भागाची खोली काठीने मोजा. रुंदी १२ मीटर आणि सरासरी खोली अर्धा मीटर असेल, तर छेद ६ चौरस मीटर. नारळ पट्ट्याच्या थोडा वर, मधल्या धारेत सोडा आणि वेळ घ्या. थर्माकोल नको, ते वाऱ्याने ढकलले जाते. २० मीटरला ४० सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागावरचे पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा जोरात धावते, म्हणून ०.८५ ने गुणा. तळ खडकाळ आणि पाणी उथळ असेल तर ०.७ धरा. ०.८५ धरले तर छेद गुणिले वेग, उत्तर २.५५ क्युमेक, म्हणजे ९० क्युसेक.

धारेगणिक वेग बदलतो, म्हणून नारळ काठाजवळही सोडा आणि सरासरी काढा. पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ असेल किंवा वरच्या धरणातून विसर्ग सुरू असेल, तर पात्रात उतरू नका.