पेपरचा विषय बारीक करताना

"सर, विषारी दारूवर पेपर करतो," असं एमएस्सीची मुलं सांगतात. हा विषय नव्हे, अख्खं कपाट आहे. त्यातला एकच खण उघडा.

आधी विष ठरवा. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं दगावली ती मिथेनॉलने. मग तेच घ्या. नमुन्यासाठी व्हिसेराच्या, म्हणजे मृताच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या, मागे लागू नका, परवानग्यांतच वर्ष सरेल. परवानाधारक दुकानातली देशी आणा, त्यात मोजून मिथेनॉल मिसळा. बाटलीवर 'विष' लिहायला विसरू नका, आमच्याकडे फ्रीजमध्ये काय काय सापडतं!

मग यंत्र. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे का यापेक्षा ती चालू आहे का, हे स्वतः जाऊन बघा. नसेल तर क्रोमोट्रोपिक आम्लाची चाचणी घ्या. परमँगनेटने मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड होतं आणि तीव्र गंधकाम्लात जांभळा रंग येतो. पण नमुन्यात साखर असेल तर गंधकाम्लाने ती करपते आणि जांभळ्यावर तपकिरी चढतो. म्हणून आधी ऊर्ध्वपातन करतात. शिवाय फळांच्या दारूत फळांतल्याच पेक्टिन या घटकामुळे मुळातच थोडं मिथेनॉल असतं. तेव्हा न मिसळलेला नमुनाही मोजायचाच.

आता प्रश्न असा उरतो: गोड देशी दारूत ऊर्ध्वपातन टाळलं तर मिथेनॉलच्या मोजणीत किती फरक पडतो? एवढं एका सत्रात होतं. शीर्षकाआधी निकालाचा कोरा तक्ता आखा. रकाने सुचत नसतील तर विषय अजून कापायचाय.