जिल्ह्यातले सरकारी कर्मचारी, त्यात बायका किती, पगार किती: हे आकडे काढायचे कसे

आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या टेबलावर बरीच वर्षं काढली मी, त्यामुळे कोणी विचारलं की आपल्या जिल्ह्यात सरकारी नोकर किती, तर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, कुठले सरकारी? राज्य शासनाचे वेगळे, जिल्हा परिषदेचे वेगळे, नगरपालिका महापालिका वेगळी, एसटी म्हणजे महामंडळ, पोस्ट रेल्वे केंद्राचे, आणि अनुदानित शाळेतल्या गुरुजींचा पगार सरकारी तिजोरीतून येतो पण नोकरी संस्थेची. हे आधी ठरवलं नाही तर पुढचं सगळं मुसळ केरात. एक वहीचं पान घ्या आणि वर लिहा की मी फक्त राज्य शासनाचे मोजतोय, किंवा राज्य अधिक झेडपी, काय असेल ते.

आणि अंगणवाडी सेविका, आशाताई यांना कुठे धरायचं तेही तिथेच लिहा. यांना पगार नाही, मानधन किंवा कामाप्रमाणे मोबदला मिळतो, म्हणून नियमित कर्मचाऱ्यांच्या आकड्यात त्या येत नाहीत. गावात सरकार म्हणून दारात येणारी बाई बहुतेक वेळा हीच असते, तरी "सरकारी नोकरीत महिला किती" या तक्त्यात तिचं नाव नसतं. मी तरी अशा तक्त्याखाली एक ओळ टाकतोच, यात मानधनावरच्या महिला नाहीत म्हणून.

दुसरं, मंजूर पदं आणि भरलेली पदं. आकृतिबंधात, म्हणजे ऑफिसला कुठली किती पदं ते ठरवणाऱ्या सरकारी तक्त्यात लिहिलेली ती मंजूर, त्यातली प्रत्यक्ष खुर्चीवर माणूस असलेली ती भरलेली, उरलेली रिक्त. मी स्वतः एकदा घाईत मंजूरचा आकडा कार्यरतच्या रकान्यात टाकला, साहेबांनी तो बैठकीत वाचून दाखवला, आणि मागच्या रांगेतून आवाज आला की साहेब यातली सहा माणसं तर आम्ही तीन वर्षं शोधतोय. तेव्हापासून मी तिन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवतो आणि बेरीज जुळवूनच पुढे जातो.

आता माहिती मिळते कुठे. राज्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचा कर्मचारी सर्वंकष माहितीकोष बघा, ऑफिसात सगळे नुसतं माहितीकोष म्हणतात. 1 जुलै हा संदर्भ दिनांक धरून प्रत्येक कार्यालयाचा आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पगार बिलं काढणारा डीडीओ, आपल्या माणसांची माहिती ऑनलाइन भरतो, जन्मतारीख, लिंग, पद, गट (अ ते ड, अ सगळ्यात वरचा), वेतन सगळं. माहिती भरल्याचं प्रमाणपत्र जोडलं नाही तर पगार बिल अडकतं, त्यामुळे टाळाटाळ करणारं ऑफिससुद्धा शेवटी भरतंच. त्यावरचा अहवाल संचालनालयाच्या वेबसाइटवर प्रकाशनांत शोधा. जिल्ह्याची मोठी पार्श्वभूमी हवी असेल तर जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन पण उघडा.

एखाद्याच ऑफिसचं काढायचं असेल तर आधी अर्ज करत बसू नका. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4(1)(ख) खाली 17 मुद्द्यांची माहिती प्रत्येक कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायची असते, त्यातला 9 वा मुद्दा अधिकारी कर्मचाऱ्यांची यादी आणि 10 वा त्यांचं मासिक वेतन. वेबसाइटवर नसेल, जुनी असेल तर मग अर्ज, 10 रुपये फी, एका अर्जात एकच विषय आणि आपल्याकडे 150 शब्दांची मर्यादा आहे. "महिलांचा सरासरी पगार वयोगटानुसार काढून द्या" असं मागू नका, नवी माहिती तयार करून द्यायला ते बांधील नाहीत आणि तेच उत्तर येईल. जे कागद तयारच असतात ते मागा, मंजूर भरलेली रिक्त पदांचा तक्ता, वेतन देयक, ज्येष्ठता सूची. ज्येष्ठता सूची म्हणजे तर खजिना आहे, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, निवृत्तीची तारीख सगळं एका ओळीत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

पगाराचा रकाना घेताना मूळ वेतनच घ्या. ग्रॉस घेतलात तर घरभाडं मध्ये घुसतं. सातव्या वेतन आयोगात ते शहरांच्या एक्स, वाय, झेड वर्गाप्रमाणे 24, 16, 8 टक्क्यांनी सुरू झालं आणि महागाई भत्ता वाढेल तसं वाढायची तरतूद होती. 35000 मूळ वेतनाचा माणूस त्या दरानं मुंबईत 8400 घेणार आणि झेड वर्गातल्या तालुक्याला 2800, काम तेच, पद तेच. नेट पगार तर अजिबात घेऊ नका, त्यात सोसायटीचे हप्ते असतात, एकाचं घराचं कर्ज असतं, आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची पेन्शनची कपात जुन्यांसारखी नाही, म्हणजे तुम्ही वयाचा फरक म्हणून जे बघाल ते निम्मं कपातीचंच असेल. फरकाचा म्हणजे थकबाकीचा हप्ता पडलेला महिनाही टाळा.

जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करताना लक्षात ठेवा की आकडा ऑफिस कुठंय त्याचा असतो. पुण्यात साखर, कृषी, सहकार, समाज कल्याण अशी आयुक्तालयं बसलीत, मुंबईत मंत्रालय, तिथे वरच्या गटाची माणसं जास्त आणि सरासरी आपोआप चढते. गडचिरोलीला भलतंच, आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला 2002 पासून एकस्तर वेतनश्रेणी मिळते, म्हणजे तिथे आहे तोवर एक पायरी वरचा पगार. बदली झाली की गेला. हे माहीत नसलेला माणूस म्हणणार मागास जिल्ह्यात पगार जास्त कसा.

वयाचं सांगतो, हे मजेशीर आहे. राज्यात गट अ, ब, क साधारण 58 ला निवृत्त होतात आणि गट ड 60 ला, म्हणून पाच वर्षांत किती जाणार हे काढायचं तर सगळ्यांना एकच वय लावून चालत नाही. आणि आपल्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट 1 जून टाकलेल्यांची पिढी आहे. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे 31 मे ला ऑफिसात हार आणि श्रीफळांची रांग लागते. माहितीकोष 1 जुलैचा, म्हणजे त्या वर्षीची ही सगळी मंडळी त्यात नसतातच, पण एप्रिलच्या वेतन देयकात असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून माणसं कमी कशी झाली म्हणून डोकं खाजवू नका.

आता स्त्री पुरुष पगार, इथेच सगळे घसरतात. समजा एका ऑफिसात दहा लिपिक आहेत, सगळे एस-6 या वेतनस्तरावर, सुरुवात 19900, एकोणीस वेतनवाढी झाल्या की 35000, आश्वासित प्रगती योजना (पदोन्नती मिळाली नाही तरी ठरावीक वर्षांनी वरचा पगार) सोडून देऊ. पुरुष पाच, त्यातले चार जुने 35000 वर आणि एक नवा. बायका पाच, एक जुनी आणि चार नव्या. पुरुषांची सरासरी 31980, बायकांची 22920. फरक 9060 रुपये. हेडलाइन तयार! पण जुन्यात जुना, नव्यात नवा लावलात तर फरक शून्य, कारण स्केलला बाईपुरुष कळत नाही. सरळसेवा भरतीत महिलांना 30 टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षण आलं त्यानंतर खालच्या वयात बायका वाढल्या, त्यांची सर्व्हिस कमी म्हणून पगार कमी.

म्हणून फरक नाहीच असं म्हणून फाइल बंद करू नका मात्र. मग जुन्यांत एकच बाई का होती हा प्रश्न उरतो, आणि 45 ते 50 वयाच्या, एकाच वर्षी लागलेल्या बायका आणि पुरुष आज कुठल्या स्तरावर आहेत ते बघा. माझ्या डोळ्यांसमोर दोघी तिघींनी पदोन्नती नाकारली, कारण ऑर्डर लांबच्या जिल्ह्याची आणि घरी दहावीचं पोरगं. हे सरासरीत दिसत नाही, ज्येष्ठता सूचीत शेऱ्याच्या रकान्यात दिसतं.

जुन्या वर्षांशी जोडणार असाल तर एक्सेलमध्ये आधी नावं सरळ करा. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर निघालं म्हणून ठाण्याचा आकडा धपकन पडलेला दिसेल, दोघांची बेरीज घ्या. उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर एक्सेलला दोन वेगळे जिल्हे वाटतात. आणि जुन्या पीडीएफ सुरेख नावाच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या असतात, कॉपी केलं की नुसती चिन्हांची भेळ येते, तिथे शहाणपण करू नका, दोन माणसं बसवा, एकानं वाचायचं एकानं टाइप करायचं, आणि खालची बेरीज अहवालातल्या एकूणशी जुळली की मग चहा.