रुग्णालयातील अशक्त वृद्धांचे नैराश्य कसे ओळखावे
खुब्याचे हाड मोडून किंवा न्यूमोनियामुळे दाखल झालेले आजोबा जेवणाचे ताट परत पाठवू लागले, चालण्याचा सराव टाळू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मात्र हा बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल, लक्ष टिकत नसेल आणि अवस्था दिवसभरात कमी-जास्त होत असेल, तर आधी डेलिरियमचा (आजारपणात अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळाच्या अवस्थेचा) संशय घ्यावा. असा गप्प पडून राहणारा रुग्ण अनेकदा उगाच उदास ठरवला जातो.

नैराश्याच्या चाचपणीसाठी जीडीएस (जेरिअ‍ॅट्रिक डिप्रेशन स्केल) ही वृद्धांसाठीची १५ प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली सोयीची आहे; ५ पेक्षा जास्त गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी. त्यापूर्वी चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले आहे ना, हे पाहावे (हे हमखास विसरले जाते) आणि नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबण्यास सांगावे, कारण मुलांसमोर ‘जगणे नकोसे झाले’ असे सहसा कोणी बोलत नाही. तसे कोणी बोललेच, तर विषय न बदलता जीव देण्याचे विचार येतात का, हे थेट विचारावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना कळवावे.

एसएसआरआय या गटातील नैराश्यावरचे औषध सुरू झाल्यास पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील सोडियम तपासावे. वृद्धांमध्ये ते घसरू शकते.